सह्याद्री वाहिनीवर रोज अर्धा तास पाड्यांना द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी झाली की भिवंडी-वाडा रस्त्यालगत वीटभट्ट्या लागतात आणि शहापूर, जव्हार, मोखाड्याकडची कातकरी, वारली कुटुंबं उचल घेऊन तिथे उतरतात. भांडीकुंडी, तांदळाचं बोचकं, कोंबड्या आणि अलीकडे टीव्हीची छत्रीसुद्धा. खोपटाशेजारी ती जमिनीवरच मांडायची, हलू नये म्हणून कच्च्या विटांनी दाबायची आणि वायर कुडातून आत घ्यायची. दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचे पैसे लागत नाहीत, म्हणून हे परवडतं. मी आश्रमशाळेत शिक्षक होतो. जुने विद्यार्थी भेटतात म्हणून निवृत्तीनंतरही भट्ट्यांवर माझं जाणं होतं. संध्याकाळी पडद्यावर बहुधा हिंदी सिनेमा चालू असतो. दिवसभर चिखल तुडवलेल्या माणसाला करमणूक हवीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच पडद्यावर त्यांच्या कामाचं, त्यांच्या बोलीतलं एक वाक्यही मला ऐकू येत नाही, याचा राग येतो.

गावचं रेशन कार्ड भट्टीजवळच्या दुकानातही चालतं, हे कितीजणांना कोणी सांगितलं? वनहक्काच्या दाव्याला कोणते पुरावे जोडायचे? आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत साप चावला तर त्यावरचं इंजेक्शन जवळ कुठे मिळेल? या माहितीवाचून माणसं जमिनीला मुकतात, कधी जिवाला मुकतात. मुंबई-ठाण्याच्या नळाला भातसेचं पाणी येतं आणि भातसेच्याच शहापूर तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. टँकर आज कुठल्या पाड्यावर येणार, एवढं जरी टीव्हीवर सांगितलं तरी बायांचा अर्धा दिवस वाचेल.

पूर्वी अडचण टीव्हीच्या प्रक्षेपण मनोऱ्याची होती, डोंगराआड चित्र पोचत नसे. उपग्रहाने ती संपवली. आता प्रश्न आहे तो पडद्यावर कोण बोलणार याचा. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींनी तो वेळीच ओळखला. १९८५ मध्ये तिथे ऑसॅट उपग्रह आला, तेव्हा वाळवंटातल्या वस्त्यांवर इंग्रजी कार्यक्रमांचा मारा होऊन आपल्या भाषा बुडतील अशी धास्ती त्यांना वाटली. युएंडुमू नावाच्या वस्तीतल्या वार्लपिरी आदिवासींनी तर परवान्याची वाट न पाहता आपल्या वस्तीपुरतं प्रक्षेपण सुरू केलं. पुढे आदिवासी संस्थांनी एकत्र येऊन व्यापारी वाहिनीचा परवानाच मिळवला आणि १९८८ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जहून इंपार्जा ही वाहिनी सुरू झाली. तिचा टापू महाराष्ट्राच्या दहापटीहून मोठा आहे. तिथेही सगळं मनासारखं झालं नाही. वेळ भरून काढायला मोठ्या शहरी वाहिन्यांचेच कार्यक्रम घ्यावे लागले आणि आदिवासी भाषांच्या वाट्याला फार थोडा वेळ आला, अशी टीका झाली. म्हणूनच मी म्हणतो, मालकी कोणाचीही असो, बोलीचा रोजचा वेळ कागदावर ठरवून घ्या.

इतक्या लांबही जायला नको. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांना टीव्ही दाखवला गेला. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्याच काळात गुजरातेत, खेडा जिल्ह्यातल्या पीज गावच्या छोट्या केंद्रावरून इस्रोच्या माणसांनी तिथल्याच गावकऱ्यांना घेऊन त्यांच्या बोलीत कार्यक्रम केले. जातिभेद, मजुरी, गावातली पिळवणूक, काही वर्ज्य नव्हतं. १९८४ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि १९८५ मध्ये ते केंद्र बंद करण्यात आलं! अजूनही ही गोष्ट मनाला लागते.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. एक, या बोलींना लिपी नाही आणि त्या तालुक्यागणिक बदलतात. अहो, ऐकायला लिपी कशाला लागते? बातम्या सांगणारी मुलं जव्हारची एक, शहापूरची एक अशी घ्या, ऐकणारा बरोबर समजून घेतो. दुसरा आक्षेप, अशा कार्यक्रमांना जाहिराती मिळणार नाहीत. पण दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती ही जाहिरातींवर जगण्यासाठी काढलेली कंपनी नव्हे. १९९० च्या प्रसार भारती कायद्याच्या कलम १२ मध्ये मागास आणि दुर्गम भागातल्या लोकांची सेवा, आदिवासी समाजांच्या खास गरजा ध्यानात घेऊन कार्यक्रम, ही कर्तव्यं स्पष्ट लिहिलेली आहेत. अरुणाचलसाठी २०१९ मध्ये अरुणप्रभा ही स्वतंत्र वाहिनी सुरू झाली, चांगलंच झालं. आमची मागणी तर स्वतंत्र वाहिनीची नाहीच, सह्याद्रीवर रोज अर्ध्या तासाची आहे.

शेती नेटाने पडद्यावर आणणारं मुंबई दूरदर्शन हे करू शकतं. ‘आमची माती, आमची माणसं’ पाहून शेतकऱ्यांनी बियाणं बदलल्याचं माझ्या पिढीने पाहिलं आहे. जव्हार किंवा शहापुरात एक खोली, एक कॅमेरा आणि पदवी घेऊन घरी बसलेली चार आदिवासी मुलं-मुली पगारावर, सुरुवातीला एवढं पुरे. ठाणे आणि पालघरच्या खासदार-आमदारांनी हा विषय लावून धरावा आणि आपल्या दैनिकानेही पाठपुरावा करावा, ही विनंती.

पहिला प्रयोग भट्टीच्या हंगामातच व्हावा. आणि वेळ रात्री आठच्या आधीची नको, तोवर भट्टीवरच्या बाया चुलीपुढून उठलेल्या नसतात.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, कळवा (ठाणे)