पाठ फिरवून उभ्या राहिलात, त्याबद्दल

मावशी, सलाम.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. तुम्हाला मराठी येत नाही हेही ठाऊक आहे, पण हे आभार पप्पांच्याच भाषेत मानावेसे वाटतात.

‘ऑलमोस्ट देअर’ची अडखळणारी सीडी दुरुस्तीला घेऊन तुमच्या दुकानात आलो, तेव्हा पप्पांना प्रभूत निजून दोनच दिवस झाले होते. मर्सीमी या ख्रिस्ती बँडचा हा अल्बम 2001चा. आमच्या घरी आला 2003मध्ये, इथे डॅलसमधल्या एका साध्या पॉप रेडिओवर श्रोत्यांच्या आग्रहामुळे त्यातलं ‘आय कॅन ओन्ली इमॅजिन’ हे गाणं वाजायला लागलं तेव्हा. कामावरून येताना पप्पांनी गाडी कडेला घेऊन ते ऐकलं आणि त्याच संध्याकाळी सीडी आणली. बँडचे गायक बार्ट मिलार्ड यांचे वडील 1991मध्ये कॅन्सरने गेले, त्या दुःखातून हे गाणं आलं. पप्पांना आजोबांच्या दफनाला नगरला पोचता आलं नव्हतं. सीडीच्या पुस्तिकेत पाचव्या, म्हणजे याच गाण्यापुढे त्यांनी पेन्सिलने लिहून ठेवलं होतं, ‘माझ्या दफनविधीला हे लावा.’

आधीच्या दोन दुकानांचं अजून सलतंय. एकाने सीडी हातातही न घेता ‘फोनवर मिळतं की सगळं’ म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्याने पैसे घेतले आणि सीडी आणखीच अडखळायला लागली. शनिवारी दफन आहे म्हणून सांगत होतो, तर तो मोबाईलमधून मान वर काढेना.

तुम्ही आधी पुस्तिका उघडलीत. ती ओळ पुसली जाऊ नये म्हणून बोट न लावता पाहिलीत, अर्थ विचारलात. मग सीडी मशीनवर पॉलिश केलीत, दुकानातल्याच प्लेअरवर लावलीत. पियानो सुरू झाला आणि मला आवरेना. तुम्ही दारावरची ‘बंद’ची पाटी फिरवलीत आणि माझ्याकडे पाठ करून रॅकवरच्या सीड्या लावत राहिलात. चार मिनिटं. एकच सीडी काढत होतात, तीच परत ठेवत होतात.

त्या आठवड्यात सांत्वनाला खूप माणसं आली, चांगलं बोलून गेली. पण रडणाऱ्याला एकटं न टाकता मोकळं रडू देणं फार थोड्यांना जमतं. ते कुणी शिकवत नाही, आतूनच यावं लागतं.

शनिवारी कबरीपाशी गाणं कुठेही न अटकता वाजलं. आई शेवटपर्यंत हात जोडून उभी होती. घरी आल्यावर पप्पांच्या ओळीखाली मी पेन्सिलनेच लिहिलं, ‘लावलं, पप्पा.’