फाइलच्या नावातली चूक दुरुस्त झाली, पुरवठादाराच्या कपातीचे काय?

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातील उद्योगांच्या वीज, पाणी आणि रस्त्यांच्या अडचणी आपल्या दैनिकातून सातत्याने मांडल्या जातात. त्या मानाने किरकोळ वाटणारी, पण लघुउद्योजकाच्या बिलातून थेट पैसे कापले जातात अशी एक अडचण वाचकांपुढे यावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे. वाळूज औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या संगणक विभागात मी काम करतो. मोठ्या ग्राहकाची मागणी आमच्या ईआरपीत, म्हणजे कारखान्याचे व्यवहार सांभाळणाऱ्या संगणक प्रणालीत घेणे आणि तिच्यावरून तयार होणारे रोजचे डिलिव्हरी शेड्यूल (कोणता माल कधी द्यायचा याचे वेळापत्रक) चिकलठाणा, शेंद्रा, जालना येथील पुरवठादारांना फाइलच्या रूपाने पाठवणे, हे काम ज्या इंटिग्रेशन सर्व्हरवर, म्हणजे वेगवेगळ्या संगणक प्रणालींमध्ये संदेश पोहोचवणाऱ्या सर्व्हरवर चालते, त्याची जबाबदारी माझ्याकडे आहे.

गेल्या पावसाळ्यात चिकलठाण्याचे एक पुरवठादार, वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, कापडी पिशवीत चलनबुके घेऊन आमच्या स्टोअरबाहेरच्या बाकावर सकाळपासून बसून होते. माल वेळेवर आला नाही म्हणून लाइन थांबली, असे कारण देऊन खरेदी विभागाने त्यांच्या नावाने डेबिट नोट, म्हणजे बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी काढली होती. "शेड्यूलच आलं नाही साहेब, आलं असतं तर माल पाठवला नसता का?" एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. खरेदी विभागाकडे मात्र सर्व्हरचा अहवाल होता आणि त्यात शेड्यूल पाठवल्याची नोंद स्पष्ट होती. तपासाअंती दोघांचेही म्हणणे खरे निघाले.

सर्व्हरच्या नोंदीप्रमाणे त्या दिवशी 41 फाइली गेल्या होत्या, आणि फोल्डरमध्ये मोजल्या तेव्हा 39 भरल्या. फाइलला नाव देण्याचा जो साचा आम्ही ठरवून दिला होता, त्यात केवळ तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ होती. एकाच सेकंदात दोन पुरवठादारांची शेड्यूल तयार झाली की दोन्ही फाइलींना एकच नाव मिळत असे आणि दुसरी फाइल पहिलीच्या जागी बसत असे. या सर्व्हरला 'त्या नावाची फाइल आधीच असेल तर लिहू नकोस, चूक कळव' असे सांगता येते; किंबहुना आम्ही वापरतो त्या मायक्रोसॉफ्टच्या बिझटॉक सर्व्हरमध्ये मुळात तोच पर्याय निवडलेला असतो. परंतु चूक झाल्याच्या सततच्या सूचनांना कंटाळून आमच्यापैकीच कोणीतरी पूर्वी 'जुन्यावर नवी लिही' हा पर्याय निवडून ठेवला होता. त्यामुळे सूचना थांबल्या आणि त्यांच्याबरोबर चूक कळण्याची वाटही बंद झाली. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता, तो आम्ही भरलेल्या दोन रकान्यांचा होता, हे मी येथे मुद्दाम नोंदवतो.

दुरुस्तीला अर्धा दिवसही लागला नाही. प्रत्येक संदेशाला सर्व्हर स्वतः जो 32 अंकाक्षरांचा ओळख क्रमांक देतो, तो फाइलच्या नावात घातला, पुरवठादाराचा कोड जोडला आणि जुन्यावर लिहिण्याचा पर्याय काढून टाकला. त्याच वेळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. साच्यातली वेळ भारतीय नसून जागतिक प्रमाणवेळ असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. 17 तारखेच्या पहाटे 2 वाजून 10 मिनिटांनी, तिसऱ्या पाळीत निघालेल्या फाइलच्या नावावर 16 तारीख आणि रात्रीचे 8 वाजून 40 मिनिटे पडतात. सकाळी आजच्या तारखेच्या फाइली शोधणाऱ्या पुरवठादाराच्या मुलाला ती दिसणार कशी? 'मूळ फाइलचेच नाव ठेव' हा सोपा वाटणारा उपायही फसवा आहे, कारण संदेश फाइलऐवजी दुसऱ्या मार्गाने आला असेल, तर साच्यात मूळ नावाच्या जागी टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये लिहिलेला सांकेतिक शब्दच जसाच्या तसा नावात उमटतो आणि अशा सर्व फाइलींचे नाव पुन्हा एकच होते.

काही मित्र फाइलला बीजक क्रमांकाचे नाव देतात. जीएसटीच्या नियमांप्रमाणे बीजक क्रमांक जास्तीत जास्त 16 अक्षरांचा असतो आणि त्यात तिरपी रेघ चालते. विंडोजमधल्या फाइलच्या नावात ती चालत नाही, म्हणून ती आधी बदलून घ्यावी लागते. आपल्या शहराचे नाव 2023 मध्ये अधिकृतपणे बदलले, तेव्हाही ज्यांच्या सर्व्हरवर जुन्या नावाने सुरू होणाऱ्या फाइलीच उचलण्याचा नियम होता, त्यांनी तो तपासणे आवश्यक होते. नियमात न बसणारी फाइल सर्व्हर नाकारत नाही, तो तिला हातच लावत नाही, आणि ती फोल्डरमध्ये तशीच पडून राहते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. चूक दुरुस्त झाली की संगणक विभागाच्या वहीत ते काम संपते. मात्र ती चूक जितके महिने चालू होती, तितक्या महिन्यांत कोणाकोणाच्या बिलातून कपात झाली, हे पाहण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नसते. आमच्या या पुरवठादारांना त्या एका दिवसाची कपात परत मिळाली, कारण नोंदी ताज्या होत्या. त्यांच्याच आधीच्या दोन डेबिट नोटा मी पाहिल्या; कारण तेच लिहिलेले आहे, पण त्या काळातल्या नोंदी ठरलेल्या मुदतीनंतर सर्व्हरवरून पुसल्या गेल्या आहेत. पुरावा पाठवणाऱ्याकडे असतो, तो पुसतोही पाठवणारा, आणि सिद्ध करण्याचा भार मात्र घेणाऱ्यावर येतो. पाच-सात कामगारांवर वर्कशॉप चालवणाऱ्या माणसाला हा भार पेलणारा नाही, आणि आमच्या हातून त्यांच्यावर तो पडला याचे मला मनापासून वाईट वाटते.

मसिआ आणि सीएमआयए या आपल्या उद्योजक संघटनांना माझी विनंती आहे की, खरेदी आदेशाच्या अटींमध्ये तीन गोष्टी घालून घेण्याचा आग्रह त्यांनी मोठ्या खरेदीदारांकडे धरावा. पाठवणाऱ्याने रोज संध्याकाळी प्रत्येक पुरवठादाराला त्या दिवशीच्या फाइलींची संख्या आणि क्रमांक साध्या संदेशाने कळवावेत; आणि शेड्यूल मिळाल्याची पोच नसेल, तर पुरवठा न झाल्याबद्दल डेबिट नोट काढू नये. फाइल पाठवण्याच्या व्यवस्थेत चूक सापडल्यास ती कधीपासून होती हे पुरवठादारांना लेखी कळवावे आणि त्या काळातील कपाती पुन्हा तपासाव्यात, हेही त्यात असावे. आमच्या कारखान्यात संध्याकाळचा संदेश सुरू झाला आहे; उरलेल्या दोन गोष्टींचा प्रस्ताव मी वरिष्ठांकडे लेखी दिला आहे.

आपला विश्वासू,
एक संगणक अभियंता
बजाजनगर, वाळूज, छत्रपती संभाजीनगर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)