गच्चीवरचा हॅमरटोन आणि सोसायटीची नोटीस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मला सोसायटीची नोटीस आली. मेंटेनन्स कधी थकवलेला नाही, गाडीच नाही त्यामुळे पार्किंगचा वाद नाही. 'आपण सामायिक गच्चीवर स्प्रे पेंटिंग करून सभासदांस उपद्रव दिला' असा मजकूर आहे. नोटीस बरोबर आहे, हे आधीच सांगून टाकतो. उपद्रव मीच दिला. पण ते काम ठाण्यात करायचं तर कुठे करायचं, हे मी कमिटीला विचारलं तेव्हा सगळे एकमेकांकडे बघू लागले. म्हणून हे पत्र.

काम होतं नातीच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला रंग देण्याचं.

मी पेंटर आहे. भिंतींचा नव्हे, पत्र्याचा. आयटीआयला पेंटर (जनरल) हा दोन वर्षांचा ट्रेड केला आणि १९७९ साली वागळे इस्टेटमधल्या एका इलेक्ट्रिक पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत लागलो. एमआयडीसी १९६२ सालची, आणि वागळे इस्टेट तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. तिथे एकतीस वर्षं स्प्रे गन चालवली. बहुतेक सगळी एकाच रंगाची पॅनेलं: रॅल ७०३२, ज्याला आमच्यात सगळे 'सिमेन्स ग्रे' म्हणायचे. तो रंग मी डोळे मिटूनही मारीन. माझी बायको म्हणायची, यांना इंद्रधनुष्य दाखवलं तरी हे ग्रे कुठे आहे ते बघतील.

नात बीएस्सी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिकवण्या घेऊन पैसे जमवले आणि ठरवलं, लॅपटॉप नको, सुटे भाग आणून डेस्कटॉप स्वतः जोडायचा. एका रविवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर दिवसभर फिरली. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) असं सगळं आणलं, कॅबिनेट मात्र आणलं नाही. म्हणाली, "आबा, सगळीकडे तेच. काळं, पुढे काच, आत लुकलुकणारे दिवे. गणपतीचं मखर वाटतं."

कॅबिनेट मिळालं आमच्या भंगारवाल्याकडे, वजनावर, दोनशे रुपयांत. वीसेक वर्षांपूर्वीचं, मळकट क्रीम रंगाचं. मी बोटाने ठोकून पाहिलं तर आवाज भरीव आला, पत्रा चांगला जाड. एवढ्या जुन्या डब्यात नवा मदरबोर्ड कसा बसणार, ही माझी शंका. पण मदरबोर्डच्या भोकांची मापं १९९५ साली इंटेलने काढलेल्या एटीएक्स पद्धतीची असतात आणि ती आजही तीच आहेत, असं तिने सांगितलं. लहान मदरबोर्डची त्यातलीच काही भोकं जुळतात. आमच्या पॅनेलमध्ये एका कंपनीचा स्विच दुसऱ्या कंपनीच्या पट्टीवर बसायचा नाही, म्हणून मला याचं फार कौतुक वाटलं.

इथपर्यंत मी नुसता बघ्या. आषाढात तिने बाजारातून काळ्या रंगाचा तयार स्प्रे आणला आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडखाली एका बाजूच्या झाकणावर मारला. बाहेर पाऊस. पाच मिनिटांत काळ्या रंगावर दुधाच्या सायीसारखा पांढरट थर आला. तिला वाटलं डबा खराब निघाला. डबा उत्तम होता. थिनर उडून जाताना पत्रा गार करतो, हवा दमट असली की त्या गारव्यावर बाष्प बसतं आणि रंगात अडकतं. आम्ही त्याला 'ब्लशिंग' म्हणायचो. कंपनीत जून उजाडला की थिनरमध्ये रिटार्डर घालायचा म्हणजे उडण्याचा वेग कमी होतो, आणि रोज सकाळी कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ उघडून साठलेलं पाणी काढायचं, हा नियम होता. ठाण्याच्या जुलैमध्ये डब्यातला रंग उघड्यावर मारणं म्हणजे पावसात पापड घालणं. हे तिला सांगितलं आणि तिथून मी बघ्याचा कामगार झालो.

श्रावण सगळा घासण्यात गेला. जुना रंग घट्ट होता, तो पूर्ण उतरवायची गरज नव्हती, फक्त चकाकी घालवायची. ३२० नंबरचा वॉटर पेपर, पाण्यात भिजवून, लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळून. जिथे गंज होता तिथे पत्रा उघडा करून एच प्रायमर (धातूला चावून धरणारा अस्तराचा रंग), कारण हा पत्रा जस्ताचा हात दिलेला असतो आणि जस्तावर साधा रंग नखाने निघतो. प्रायमरवर ६०० नंबर. हे सगळं आमच्या न्हाणीघरात झालं. सुनेने आठ दिवस काही म्हटलं नाही, नवव्या दिवशी म्हटलं.

पुढची चौकट प्लास्टिकची, उन्हाने पिवळी पडलेली. तिच्यावर नात थिनरचा बोळा फिरवणार तेवढ्यात मी हात धरला. एबीएस प्लास्टिक थिनरने विरघळतं. ते साबणाच्या पाण्याने धुवायचं, प्लास्टिकचा वेगळा प्रायमर येतो तो मारायचा.

मग पंखा. जुन्या कॅबिनेटला पुढे ८० मिलिमीटरच्या लहान पंख्याची जागा, आणि समोरचा पत्रा जवळपास बंद. आजच्या प्रोसेसरला हवा लागते. पुढून गार हवा आत, मागून गरम बाहेर, पॅनेलचंही तेच शास्त्र. १२० मिलिमीटरच्या पंख्याचं भोक कापलं, स्क्रूची चार भोकं १०५ मिलिमीटरवर पाडली. तो कर्कश आवाज दुपारी दोन ते चारच्या मध्ये केला, ही माझी आणखी एक चूक, तिसऱ्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. कापल्यावर लोखंडाचा कीस ब्रशने, मग चुंबकाने, मग ओल्या फडक्याने काढला. एक कण मदरबोर्डखाली राहिला तर शॉर्ट.

आणि एक गोष्ट मी तिला शिकवली याचा मला अभिमान आहे. रंग मारण्याआधी मदरबोर्डच्या पितळी खुंट्या बसतात त्या जागा आणि मागे एसएमपीएस टेकतो ती कड, सगळं मास्किंग टेपने झाकलं. तिला कळेना, आतली बाजू कोण बघणार? पण रंग वीज वाहू देत नाही. धातूला धातू टेकला तरच डब्याला अर्थिंग मिळतं. आमच्याकडे अर्थिंग बोल्टवर रंगाचा थेंब सापडला की इन्स्पेक्टर अख्खं पॅनेल परत पाठवायचा. त्या थेंबापायी एकदा माझा ओव्हरटाइम बुडाला होता.

रंग तिने निवडला आणि मी खूश झालो: हिरवा हॅमरटोन. जुन्या लेथ मशीनवर, शिलाई मशीनच्या मोटरवर असायचा तो, हातोडीने ठोकल्यासारखा खडबडीत. त्यात अ‍ॅल्युमिनियमची पूड आणि सिलिकॉन असतं, त्यामुळे ओला रंग आपणहून फाटून खळगे पडतात. बारीक पोचे झाकायला याच्यासारखा रंग नाही. कंपनीत मात्र हॅमरटोनचं काम नेहमी सगळ्यात शेवटी, कारण त्यातलं सिलिकॉन गनमध्ये जरा राहिलं की पुढच्या ग्रे रंगात माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात. आणि तो जाड मारावा लागतो, पत्रा आडवा ठेवून. उभा ठेवला की ओघळलाच. म्हणजे एका वेळी एकच बाजू, पाच बाजूंना पाच दिवस.

पाऊस उघडल्यावर जुन्या मित्राची गन आणि लहान कॉम्प्रेसर आणून मी गच्चीवर सुरुवात केली. पहिले दोन दिवस ठीक. तिसऱ्या दिवशी वारा फिरला आणि दोरीवरच्या एका पांढऱ्या बेडशीटवर हिरवे ठिपके उठले. त्यातच थिनरचा वास जिन्यातून खाली गेला. चौथ्या मजल्यावरच्या मुलाला दमा आहे, हे मला माहीत होतं आणि मी तरीही मारला. बेडशीट नवी आणून दिली, त्या मुलाच्या आईची माफी मागितली. नोटीस त्यानंतर आली. कंपनीत आमच्यासमोर पाण्याचा पडदा असलेला बूथ असायचा, मागे एक्झॉस्ट, तोंडावर मास्क. तसा बूथ नसताना मी दुसऱ्यांच्या घरांवर रंग मारत होतो, यात कमिटीचं काय चुकलं?

उरलेल्या बाजू वागळे इस्टेटमधल्या रोड नंबर सोळावरच्या त्याच मित्राच्या गाळ्यात मारल्या. तो पावडर कोटिंग करतो, म्हणजे रंगाची पूड पत्र्यावर भाजून बसवतो. त्याला म्हटलं, माझा डबाच भट्टीत घाल. तो हसला. एका डब्यासाठी धुण्याच्या सात टाक्या आणि दोनशे अंशांची भट्टी कोण चालवणार. शिवाय गाळा दिवाळीला रिकामा करायचा होता. आसपास आता काचेच्या इमारती आहेत, त्यांत कॉम्प्युटरवर काम करणारी हजारो माणसं बसतात. कॉम्प्युटरच्या डब्याला रंग मारायला तिथे जागा उरली नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी जोडणी. प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात, एक वाकली की संपलं, असं सांगून तिने मला श्वास रोखून उभं केलं. रॅमच्या दोन पट्ट्या घेतल्या, एक मोठी नव्हे, कारण ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच आहे आणि ते रॅममधूनच खातं, दोन पट्ट्या असल्या की त्याला दोन वाटांनी मिळतं. पुढचं चालू करायचं बटण म्हणजे पॅनेलचं पुश बटण, दोन पिना क्षणभर जोडायच्या, हे मी न सांगता ओळखलं. सगळं बसलं आणि शेवटी बाजूचं झाकण खाचेत सरकेना. हॅमरटोनच्या जाडीने खाच अर्धी बुजली होती. एकतीस वर्षं रंगाची जाडी मोजायचा मायक्रॉन गेज हातात घेऊन फिरलेल्या माणसाने अर्थिंग झाकलं आणि खाच झाकायची विसरला! कानशीने घासून काढली. तिथे आता लोखंड दिसतं. ते दिसू दे, म्हणाली.

खंडेनवमीच्या पूजेत माझ्या गनशेजारी तिने कॅबिनेट ठेवलं. दुसऱ्या दिवशी चालू केल्यावर झेंडूच्या पाकळ्या पुढच्या जाळीला जाऊन चिकटल्या, म्हणजे हवा आत ओढली जातेय हे सिद्ध झालं.

आता मूळ मुद्दा. पालिकेच्या अभ्यासिका आहेत, चांगल्या आहेत, नातही तिथे बसते. शाळांमध्ये २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब निघाल्या, पण त्या सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, आणि शाळेत असल्या तर. कॉलेजच्या पोरीने, रिक्षावाल्याच्या मुलाने किंवा माझ्यासारख्याने एखादी वस्तू उघडून, घासून, डाग देऊन, रंगवून बघायची तर जागा कुठली? गच्ची सामायिक, न्हाणीघर सुनेचं, गाळे चालले. मुलं हाताने काही करत नाहीत अशी तक्रार आपल्याच पत्रसदरात मी अनेकदा वाचली आहे. न्हाणीघर किती दिवस देता, हे त्या तक्रारदारांनी सांगावं.

मागणी मोठी नाही. प्रत्येक प्रभागात एका अभ्यासिकेशेजारी तळमजल्यावर एक खोली. जाड फळीचं टेबल, ड्रिल, सोल्डरिंग आयर्न, अर्थिंग तपासलेले सॉकेट, बाहेर तोंड असलेला मोठा एक्झॉस्ट पंखा, भिंतीला अग्निशामक. संध्याकाळी पाच ते आठ. दोन घटकांचे पीयू (पॉलियुरेथेन) रंग तिथे अजिबात नकोत, त्यातलं हार्डनर फुप्फुसाला वाईट. साधे रंग आणि घासकाम पुरे. लक्ष ठेवायला माझ्यासारखे निवृत्त फिटर, वायरमन, पेंटर या शहरात घरोघरी टीव्हीसमोर बसले आहेत. पगार नको, चहा मिळाला तर बरं.

तसा अर्ज मी प्रभाग समितीच्या कार्यालयात दिला आहे, आवकचा शिक्का माझ्याजवळ आहे. अर्जात एक लिहायचं राहिलं ते इथे लिहितो: टेबलाला लागणारा व्हाइस (वस्तू घट्ट धरून ठेवणारा) विकत घेऊ नये. माझ्याकडे चार इंची आहे, चांगला आहे, सध्या पलंगाखाली आहे.

आपला,
एक निवृत्त स्प्रे पेंटर
सावरकरनगर, ठाणे (प.)