काशी घोडीच्या चंदीला एक रकाना द्या

मा. दिव्यांग कल्याण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सादर नमस्कार.

पुण्याजवळच्या एका लहानशा पागेतून हे पत्र लिहिते आहे. गेली सात वर्षं मी इथे घोडीच्या डाव्या अंगाला चालते. घोडेस्वारीच्या उपचारासाठी पाठीवर बसवलेल्या दिव्यांग मुलाच्या मांडीवर माझा हात असतो आणि मूल कलंडायला लागलं की मी सावरते, एवढंच माझं काम. उजवीकडे असंच दुसरं माणूस, पुढे लगाम धरून मोतद्दार, म्हणजे घोडीची निगा राखणारा माणूस. एका मुलामागे तीन माणसं आणि एक जनावर. सरकारी कागदावर नेमकं हेच बसत नाही, म्हणून आपल्याला लिहिते आहे.

आमची घोडी काशी. भीमथडी जातीची, बुटकी, रुंद पाठीची. धनगरांच्या फिरत्या वाड्याबरोबर घाट उतरणारी आणि पुन्हा वर चढणारी ही जात. पाठीवर अख्खा संसार असतो, वर बांधलेली कोंबडी, कोकरं, कधी तान्हं मूलसुद्धा. ओझं सांभाळून चालणं तिच्या रक्तात आहे. शर्यतीतून काढलेले घोडे लोक आम्हाला फुकट देऊ करतात, त्यामागचा भाव चांगलाच असतो. पण पाठीवर मूल अचानक किंचाळलं तर तो घोडा काय करेल, हे कळायला वर्ष जातं. काशी फक्त कान मागे फिरवते.

आमच्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी येते. सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा राहत नाही. मांड्या इतक्या ताठ, की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. तिची चाकाची खुर्ची उतारावरून ओट्यावर न्यायची, काशीला ओट्याला खेटून उभं करायचं आणि मुलीला अलगद पाठीवर सरकवायचं. खोगीर घालत नाही. जाड घोंगडी आणि धरायला मूठ असलेला पट्टा, बस. घोड्याचं अंग आपल्यापेक्षा अंशभर गरम असतं, ती ऊब घोंगडीतून मांड्यांपर्यंत पोचते. काशी कदम टाकू लागली की तिची पाठ पुढेमागे, वरखाली आणि दोन्ही कुशींना हलते. आपण चालताना आपली कंबर जशी हलते, जवळजवळ तशीच वर बसलेल्याची हलते. जी मुलगी कधी चाललेली नाही, तिच्या कमरेला चाल कळते.

पहिल्या दोन फेऱ्यांत पाय लाकडासारखेच असतात. आठ-दहा मिनिटांनी माझ्या तळहाताखालची मांडी सैल पडते. डोळे मिटूनही मला ते कळतं. तिची आई म्हणते, "ताई, घोड्याच्या दिवशी रात्री सलवार चढवायला झटापट करावी लागत नाही." मोजमापाचे तक्ते आमच्या फिजिओथेरपिस्ट भरतात, पण मला या वाक्यापेक्षा मोठं मोजमाप माहीत नाही.

साहेब, मी चमत्कार सांगत नाही. घोड्यावर बसून सेरेब्रल पाल्सी जात नाही, ऑटिझम तर नाहीच. बसण्याचा तोल आणि धडावरचा ताबा सुधारतो, असं अभ्यास सांगतात आणि आम्हीही तेच पाहतो. त्यापुढचं आश्वासन देणाऱ्यांपासून पालकांना वाचवायला मात्र आपणच हवे आहात. तट्टू उभं करून 'हॉर्स थेरपी'ची पाटी लावलेली ठिकाणं मी पाहिली आहेत. शेजारी चालायला माणूस नाही, डॉक्टरांची चिठ्ठी कुणी मागत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचा वरचा सांधा ढिला असतो. तो तपासल्याशिवाय त्यांना घोड्यावर बसवणं म्हणजे जिवाशी खेळ. खुबा निखळलेला असेल, फिट आटोक्यात नसतील, तर आम्ही मुलाला परत पाठवतो. लांबून आलेल्या आईबापांच्या तोंडाकडे त्या वेळी बघवत नाही. तरीही पाठवतो.

आता पैशांचं. गेल्या वर्षी एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. तिथल्या साहेबांनी तो पूर्ण वाचला, मग म्हणाले, "उतार बांधायला, साहित्य घ्यायला बघता येईल. पण घोडा कुठल्या रकान्यात लिहू?" तिथेच अर्ज थांबला. चंदी म्हणजे घोडीचा दाणा, कडबा, लसूणघास, नालबंदाची फेरी, मोतद्दाराचा पगार हे दर महिन्याचे खर्च आहेत. ओटा एकदा बांधला की झाला, घोडी रोज खाते. आमचे मोतद्दार चाचा मुंबईत व्हिक्टोरिया या घोडागाड्यांच्या घोड्यांवर होते. २०१५ मध्ये त्या बंद करण्याचा उच्च न्यायालयाचा निकाल आला, पुढे त्या गाड्या थांबल्या आणि चाचा इकडे आले. खरारा करताना घोडीचं अंग कुठे दुखतंय ते त्यांना हाताला लागतं. असं माणूस अर्ध्या पगारावर किती दिवस ठेवायचं?

मागच्या पावसाळ्यात काशीला पोटशूळ झाला. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटातलं दुखणं जिवावर बेततं. घोड्यांचा डॉक्टर जवळपास नाही. चाचांनी तिला रात्रभर चालवत ठेवली, पहाटे डॉक्टर पोचले, घोडी वाचली. पण तीन आठवडे फेऱ्या बंद होत्या. त्यानंतर ती मुलगी आली तेव्हा तिच्या मांड्या पुन्हा पहिल्यासारख्या ताठ होत्या.

महाराष्ट्रानं २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग केला, त्याचा आम्हाला अभिमान आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३० खेळातल्या सहभागाबद्दल बोलतं, आणि घोडेस्वारी हा खेळही आहे. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे गुडघ्याखालचे पाय पोलिओनं लुळे पडले होते. घोड्यावर चढा-उतरायला त्यांना मदत लागायची. त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये धडधाकट स्वारांबरोबर उतरून रौप्यपदक मिळवलं. आमच्या मुलांनी पदकं आणावीत असं मी म्हणत नाही. पण पुनर्वसनाच्या रकान्यात अडलं, तर खेळाच्या रकान्यातून तरी आम्हाला आत घ्या.

मागणं मोठं नाही. घोडेस्वारी उपचाराची नियमावली करा: डॉक्टरांची चिठ्ठी, प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट, दोन्ही बाजूंना माणसं, घोड्यावर किती वजन आणि दिवसाला किती फेऱ्या. जी पागा ती पाळेल, तिला चंदी आणि माणसांच्या पगारासाठी दरमहा अनुदान द्या. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पाच टक्के दिव्यांग निधीतून एखाद्या ग्रामपंचायतीला आपल्या गावच्या मुलाच्या फेऱ्यांचा खर्च उचलायचा असेल, तर तो उचलता येतो असं स्पष्ट परिपत्रक काढा. नाही तर ग्रामसेवक बिचारे सही करायला घाबरतात.

आणि एकदा या. मंगळवारी किंवा शुक्रवारी, सकाळी सातच्या आत, ऊन चढण्याआधी. ती मुलगी त्याच वेळी येते. तिला फारसे शब्द नाहीत, पण काशीला पुढे काढायला "चल" तीच म्हणते, आणि ती म्हणेपर्यंत आम्ही सगळे थांबतो. आपल्यालाही थोडं थांबावं लागेल. गाड्या तेवढ्या फाटकाबाहेर ठेवा, सायरनला काशी बिचकते.

आपली नम्र,
पागेतली एक ताई