ब्राउझर सारखा हँग होतोय आणि तुमचं एकच उत्तर, कॅशे साफ करा

सपोर्ट टीमला नमस्कार,

विषय: मोठ्या अपडेटनंतर अख्खी विंडो हँग होणे, आणि त्यावर मिळालेली उत्तरं

तुमचा ब्राउझर मी बरीच वर्षं वापरतोय, ऑफिसचं काम, बँकेचं काम, सगळं त्यातच होतं. सोडून दुसरा घ्यायची इच्छा नाहीये म्हणूनच एवढं सविस्तर लिहितोय, प्लीज पूर्ण वाचा.

मागच्या मोठ्या अपडेटनंतर व्हिडिओ चालू असताना किंवा एखादं लांबलचक पान स्क्रोल करताना विंडो जागच्या जागी अडकते. माउसचा बाण हलतो पण क्लिक लागत नाही, टॅब बदलत नाही, ॲड्रेस बारमध्ये टाइप केलेलं उमटत नाही, मग वर नॉट रिस्पॉन्डिंग येतं. कधी थोड्या वेळानं आपोआप सुटतं, कधी टास्क मॅनेजरमधून बंदच करावा लागतो, आणि तेव्हा एखादा मोठा फॉर्म अर्धा भरलेला असेल तर गेलं सगळं, परत पहिल्यापासून.

आता यावर तुमच्याकडून दर वेळी वेगळ्या माणसाचं पण तेच उत्तर येतं: कॅशे साफ करा, कुकीज उडवा, नाही झालं तर अनइन्स्टॉल करून परत टाका. हे सगळं केलंय. कॅशे साफ केल्यावर एवढंच होतं की नंतरचं प्रत्येक पान पहिल्यांदा हळू उघडतं, कारण आधी उतरवून ठेवलेल्या फायली गेलेल्या असतात. कुकीज उडवल्या की सगळ्या साइटवरून लॉगआउट, हे तुम्ही आधी सांगतसुद्धा नाही!! आणि परत इन्स्टॉल केलं तरी प्रोफाइलचा फोल्डर मुद्दाम पुसल्याशिवाय तसाच राहतो, म्हणजे त्याच सेटिंग आणि तीच एक्स्टेंशन परत येऊन बसतात.

मला खरा राग याचा आहे की साधा पहिला प्रश्न कुणीच विचारला नाही, की एक टॅब अडकतो की अख्खी विंडो? कारण दोन्हीची कारणं वेगळी असतात. एकच टॅब अडकला तर बहुतेक वेळा ती साइट जबाबदार असते. पानाचा मेन थ्रेड, म्हणजे एकामागून एक कामं उरकणारी रांग, एकच, त्यावरच जावास्क्रिप्ट (पानातला कोड) चालते आणि त्यावरच आपल्या क्लिकला उत्तर मिळतं, त्यामुळे एखादी जड स्क्रिप्ट तिथे बसली की बटणं दाबून काही होत नाही, मग ते 'वाट बघा किंवा पान बंद करा' वालं बॉक्स येतं. ते मी समजू शकतो, त्यात तुमचा दोष नाही. पण टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रॅमसारखे, चालवायची पद्धत क्रोम २००८ मध्ये आला तेव्हापासून आहे, फायरफॉक्सनंही नंतर ती घेतली, आणि ती आणली कशासाठी, तर एक टॅब अडकला तरी बाकीचे चालत राहावेत म्हणून. मग इथे टॅबच्या पट्टीसकट सगळंच अडकतंय तर दोष साइटवर कसा ढकलता? मुख्य प्रोसेस किंवा ग्राफिक्सच्या बाजूला काहीतरी आहे हे उघड दिसतंय.

म्हणून मीच शोधत बसलो. नवीन रिकामी प्रोफाइल केली, एकही एक्स्टेंशन नाही, तरी हँग. म्हणजे जुनी प्रोफाइल आणि एक्स्टेंशन दोन्ही सुटली. ब्राउझरच्या आतल्या टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर कुठलाच टॅब मेमरी खात नव्हता, रॅमही भरपूर मोकळी होती. शेवटी ब्राउझरच्या सेटिंगमधल्या सिस्टिम भागात जाऊन हार्डवेअर ॲक्सेलरेशन (चित्रं-व्हिडिओचं काम सीपीयूऐवजी ग्राफिक्स कार्डकडे देणारी सोय) बंद केलं, ब्राउझर परत चालू केला, आणि हँग व्हायचं थांबलं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, नवीन टाकून ते परत चालू केलं तर परत हँग. म्हणजे तुमचं नवीन व्हर्जन आणि माझं ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर यांचं कुठेतरी जमत नाहीये.

पण हा काही कायमचा उपाय नाही हो. ॲक्सेलरेशन बंद असलं की व्हिडिओ डिकोड करायचं काम सीपीयूवर येतं, लॅपटॉप तापतो, पंखा सतत चालू, बॅटरी लवकर उतरते. आणि ज्याला ही सेटिंग माहीतच नाही त्यानं काय करायचं? तो बिचारा लॅपटॉप जुना झाला समजून नवीन घ्यायच्या मागे लागतो, कारण सपोर्टनं सांगितलेलं सगळं करून झालेलं असतं.

तुम्ही लिहिलंत की माझ्या मशीनवरून एकही क्रॅश रिपोर्ट आलेला नाही. कसा येईल? ब्राउझर क्रॅश होतच नाही, प्रोसेस जिवंत असते, फक्त उत्तर देत नाही, आणि शेवटी ती मी बंद करतो. रिपोर्ट नाही म्हणजे प्रॉब्लेम नाही असं धरून तक्रार बंद करू नका.

माझं म्हणणं एवढंच आहे की ही तक्रार परत उघडा आणि ग्राफिक्स बघणाऱ्या डेव्हलपरपर्यंत पोचवा. ज्या ड्रायव्हरवर ॲक्सेलरेशन नीट चालत नाही त्यांची यादी ब्राउझरमध्ये असते, त्यात हा बसत असेल तर दुरुस्ती येईपर्यंत टाका, म्हणजे बाकीच्यांचं तरी आपोआप बंद होईल. विंडो अडकून परत सुटली की ॲक्सेलरेशन बंद करून बघायचं का असं ब्राउझरनंच विचारलं तर फार बरं होईल. आणि सपोर्टच्या ठरलेल्या उत्तरात कुकीज उडवायच्या आधी रिकाम्या प्रोफाइलमध्ये तपासायला सांगा, त्यात कुणाचं काही जात नाही.

ब्राउझरच्या ग्राफिक्स माहितीच्या पानाची कॉपी, ड्रायव्हरचं व्हर्जन आणि हँग होतानाचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ सोबत जोडलाय. अजून कुठला लॉग हवा असेल तर कसा काढायचा ते कळवा, मी काढून पाठवतो.

तुमचा एक जुना युजर