मिनियानमधे आमच्या बायकांनाही मोजा

संपादक साहेब, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीत कोकणातल्या सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरांवर, लेख दिलात, रेवदंडा, अलिबाग, पनवेल, फोटो पण छान होते, वाचून बरं वाटलं. पण सगळं लिहिलंय ते इमारतीबद्दल, जुनी झुंबरं, लाकडी बाकं, डागडुजीला पैसे कोण देणार वगैरे. आत प्रार्थना पूर्ण होते का, आणि नसेल होत तर का नाही, हे कोणी विचारलंच नाही. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली, माहेर अलिबागकडचं, आता ठाण्यात असते, आणि मला वाटतं छपरापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात सार्वजनिक प्रार्थनेला मिनियान लागतं, म्हणजे तेरा वर्षांच्या वरचे दहा पुरुष. दहा नसले की हेखालमधून, म्हणजे पवित्र कपाटातून, सेफेर तोरा ही धर्मग्रंथाची गुंडाळी बाहेर काढून वाचता येत नाही, केदुशा ही देवाच्या पावित्र्याची प्रार्थना नाही, आणि मेलेल्या माणसासाठी म्हणतात ते कद्दीश पण नाही. बाकीची तेफिला म्हणजे प्रार्थना आपली आपण म्हणायची आणि घरी जायचं. सणाला, किप्पूरच्या मोठ्या उपासाला मुंबईची माणसं गाड्या करून येतात तेव्हा अडचण नसते, पण साध्या शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, कोकणात दहा पुरुष आणायचे कुठून? एकेकाळी आम्ही देशात वीस हजारांच्या आसपास होतो, 1948 नंतर बहुतेक सगळे इस्रायलला गेले, जे राहिले ते मुंबई-ठाण्यात, आणि गावाकडे उरलेत दोनचार म्हातारी घरं.

माझ्या मावशीचे यजमान वारले तेव्हाचं सांगते. गावच्या सिनेगॉगमधे नऊ पुरुष जमले. पेणच्या एकाला फोन लावला, तो निघालाय म्हणाला, रस्त्यात अडकला, आम्ही बसून राहिलो, प्रार्थना चालवणारे हजान सारखे दाराकडे बघत होते. बायकांच्या बाजूला आम्ही पंधराएक जणी होतो, त्यात काकांच्या दोन्ही मुली, ज्यांनी दोन वर्षं त्यांचं अंथरुणातलं सगळं केलं. शेवटी कद्दीश न म्हणताच उठलो. हजानांना मी बोल लावत नाही, त्यांनी नियम पाळला. पण धाकटी मला म्हणाली, ताई आपण इथे बसलोय ना मग आपण कोण? मला उत्तर देता आलं नाही. कद्दीशमधे तर मरणाचा शब्दसुद्धा नाही, देवाच्या नावाची थोरवी आहे नुसती आणि ऐकणाऱ्यांनी आमेन म्हणायचं, मग पंधरा बायकांचं आमेन देवाला पोचत नाही असं कोण म्हणेल?

आता कोणी म्हणेल धर्मशास्त्र आहे, बदलता येत नाही. तर शास्त्रच बघूया. दहाचा आकडा कसा आला, तर मोशेने (मोझेसने) देवाने कबूल केलेला कनान देश बघायला बारा हेर पाठवले, त्यातल्या दहांनी लोकांना घाबरवलं, आणि देवाने त्या दहांना मंडळी म्हटलं, त्यावरून तालमूद या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात दहाची मंडळी ठरली. पुढे शुल्हान आरुख या नियमांच्या ग्रंथात दहा प्रौढ पुरुष असं स्पष्टच लिहिलं, हे मी नाकारत नाही. पण त्याच जागी पुढे हेही येतं की काही जण नऊ पुरुष आणि सहा वर्षांच्या वरचा, देव कळणारा एक मुलगा असं मिनियान चालवून घ्यायचे. मोठ्या पंडितांनी ते मानलं नाही, तरी रब्बी (धर्मपंडित) मोशे इस्सर्लिस यांनी नोंदवलंय की अडचणीच्या वेळी काही जण अशी सूट देतात. म्हणजे अडचण आली की नियम कुठे सैल करायचा याचा विचार आपल्याच पुस्तकात झालाय, आणि जिथे सात वर्षांच्या पोराचा विचार होतो तिथे आयुष्यभर शब्बाथ पाळलेल्या सत्तर वर्षांच्या बाईचा का नको? कोकणात आज अडचणीची वेळ नाही तर काय आहे?

आणि बदल काय आजच होतायत का. याकोबाला चार बायका होत्या, पण हजारेक वर्षांपूर्वी माइंत्सच्या रब्बेनू गेर्शोम यांच्या नावाने युरोपातल्या ज्यूंमधे दुसरी बायको करायला बंदी आली, बायकोच्या मर्जीशिवाय तिला गेत म्हणजे घटस्फोट द्यायलाही बंदी आली. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाने 1973 मधे बायकांना मिनियानमधे मोजायची मोकळीक दिली. ऑर्थोडॉक्स म्हणजे सनातनी रब्बी ते मानत नाहीत हे मला माहीत आहे. पण लांब कशाला, आपल्या मुंबईत डॉ. जेरुशा झिराड यांनी 1925 मधे ज्यूइश रिलिजस युनियन ही सुधारक विचारांची मंडळी काढली, तीच रोडेफ शालोम, प्रसूतीतज्ज्ञ बाई, लंडनला शिकून आलेल्या, नंतर पद्मश्री मिळाली. शंभर वर्षं झाली त्याला. मला लोक सांगतात मग तू तिकडेच जा ना. अहो पण दहा माणसांची ओढाताण मुंबईत नाही, कोकणात आहे, आणि मला माझ्या आजोबांच्या सिनेगॉगमधेच बसायचंय.

आपली मूळ गोष्ट पण आठवा. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि वाचले किती, तर सात पुरुष आणि सात बायका. नुसते पुरुष मोजले तर पहिल्या दिवशी मिनियान झालंच नसतं! पुस्तकं गेली, हिब्रू गेली, तेल गाळणारे शनिवार तेली म्हणून आपण कोकणात राहिलो, आणि उरलं काय तर शेमा म्हणजे देव एकच सांगणारी प्रार्थना, सुंता, शब्बाथ आणि खाण्यातले विधिनिषेध. शुक्रवारी सांज व्हायच्या आत चूल आवरणं, खवल्याचा मासा बघून घेणं, मटण रक्त काढून मीठ लावून ठेवणं, हे सगळं कोणी सांभाळलं? नवसाला देवापुढे ठेवायच्या मलिद्याच्या ताटाची तयारी आजही बायकाच करतात.

खरी भीती आहे ती इस्रायलची, ते मोठी माणसं उघड बोलत नाहीत पण मनात असतं. 1962 मधे तिथल्या मुख्य रब्बींनी आमच्या लोकांच्या लग्नाआधी आईच्या बाजूच्या पिढ्यांची चौकशी करायला सांगितली, कारण काय तर आपल्याला गेतचे नियम माहीत नव्हते म्हणे. केवढा अपमान. 1964 मधे आपल्या माणसांनी जेरुसलेममधे धरणं धरलं, ऑगस्टमधे क्नेसेटने म्हणजे तिथल्या संसदेने ठराव केला आणि त्या आदेशातून आपलं नाव निघालं. ज्यांनी ते भोगलं त्यांना परत कोणी बोट दाखवू नये असं वाटणारच, ते मला पटतं. म्हणून मी लग्न आणि गेत यांना हात लावा म्हणतच नाही, ते जुन्या नियमानेच होऊ दे, साक्षीदार पण तसेच. कद्दीशला बाई मोजली म्हणून कोणाच्या मुलाचं ज्यूपण कमी होत नाही.

माझी मागणी एवढीच आहे की कोकणातल्या सिनेगॉगच्या ट्रस्टींनी आणि हजानांनी रोश हशानाच्या, म्हणजे आमच्या नववर्षाच्या, आधी एक सभा घ्यावी, तिथे बायकांनाही बोलू द्यावं आणि मत देऊ द्यावं, आणि जिथे दहा पुरुष जमत नाहीत तिथे फक्त कद्दीश आणि शब्बाथच्या तोरा वाचनापुरतं बायकांना मोजून एक वर्ष बघावं. ज्या पुरुषांना ते पटत नाही त्यांनी त्या वेळेला आमेन म्हणू नये, त्यांच्यावर जबरदस्ती नको. रब्बींचं मत मागवायचं असेल तर जरूर मागवा, पण पत्रात परिस्थिती खरी लिहा, आत किती पुरुष आणि किती बायका बसलेल्या असतात ते आकड्यात लिहा. सभेची नोटीस तुमच्या पेपरात छापून आली तर गावोगावच्या आमच्या लोकांना कळेल, त्यासाठीच हे पत्र तुम्हाला लिहिलं.

— एक बेने इस्रायल वाचक, ठाणे