हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममधल्या ताईंना

ताई,

मी तुमच्या लक्षात असायचं काही कारण नाही. अठरा वर्षांपूर्वीची फाइल मागायला आलेली, केस नंबर हरवलेली बाई, एवढीच माझी ओळख.

तेराव्या वर्षी मला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कर्करोग, झाला होता. किमो झाली, छातीवर 'लाईट', म्हणजे किरणांचे उपचार, घेतली, बरी झाले. मुलगी वाचली, यात आईच्या लेखी सगळं आलं. लाईट किती दिली हे विचारायचं कुणाला सुचणार? एकतिसाव्या वर्षी भलत्याच कारणासाठी गेले, तर डॉक्टर म्हणाल्या, "आधी डोस किती ग्रे होता ते आणा." ग्रे म्हणजे किरणांचं माप.

नंबर नाही म्हटल्यावर तुम्ही मला परत पाठवू शकला असतात. त्याऐवजी विचारलंत, "दाखल कधी झालात, महिना तरी आठवतो?" मग जुनं रजिस्टर, मग गठ्ठे. दीड तासाने पिवळा कागद हाती आला: छाती, २१ ग्रे. औषधांच्या पानाची झेरॉक्स मी नको म्हणत होते. तुम्ही तीही काढलीत. त्या पानावर डॉक्सोरुबिसिन हे किमोचं औषध होतं, आणि त्यानेही स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे मला नंतर कळलं.

वयात येताना स्तनाच्या पेशी किरणांना फार हळव्या असतात. लहानपणी छातीवर किरण घेतलेल्या साधारण ३० टक्के बायकांना पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग होतो. बीआरसीए१ या जनुकात जन्मतः दोष असलेल्या बायकांना असतो, तेवढाच हा धोका. १० ग्रे किंवा जास्त डोस असेल, तर पंचविशीपासून किंवा किरणांनंतर ८ वर्षांनी, जे नंतर येईल तेव्हापासून, दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) करायची असते. माझी सहा वर्षं तशीच गेली होती. (त्याचा राग आहे, पण तो या पत्रात नको.)

पहिलं वर्ष निर्धास्त गेलं. दुसऱ्या वर्षी मॅमोग्राफीत काहीच नव्हतं, एमआरआयमध्ये मात्र ९ मिलिमीटरची गाठ दिसली. नुसती गाठ काढली तर किरण द्यावे लागतात, आणि छातीला पुन्हा किरण देणं अवघड, म्हणून स्तन काढावा लागला. पण गाठ काखेपर्यंत पोचली नव्हती.

तेराव्या वर्षी वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर असलेली मैत्रीण पुढच्या सोमवारी तुमच्याकडे येईल. केस नंबर तिच्याकडेही नाही. महिना आठवतो, जून.

तुमची आभारी,
२१ ग्रेवाली